मास्तरांचे ब्याण्णव गुण

ताईंचा त्या टॅबवर मनापासून राग होता. सव्वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या डगमगत्या खुर्च्यांवर बसून, त्यांची रडगाणी ऐकून केलेलं समाजकार्य आता बोटाएवढ्या चौकोनांत कोंबायचं म्हणजे काय? "दारात पाऊल टाकलं ना, की आतलं माणूस कसं आहे ते मला कळतं," असं त्या कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पण यंदा नियमच निघाला होता. एकट्या वृद्धांची सहामाही पाहणी व्हिडिओ कॉलवर करायची, उत्तरं टॅबमध्ये भरायची आणि घरी मदतनीस द्यायची की नाही ते टॅब ठरवणार. नाक मुरडत का होईना, त्यांनी मास्तरांना कॉल लावला.

मास्तर एक्क्याऐंशी वर्षांचे, एकटे. उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. पडद्यावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भांग चापूनचोपून पाडून बसले होते.

"आंघोळ स्वतः करता?"

"रोज. गार पाण्यानं."

"जिना?"

"दोन-दोन पायऱ्या गाळून."

"चहा?"

"हा काय, आत्ताच केला. आला असतात तर तुम्हालाही दिला असता."

ताई हसल्या. सहा वर्षं त्या मास्तरांकडे जात होत्या. दर वेळी मास्तर असेच ताठ, चहा तयार, आणि मदतनीस बाई नेमक्या 'आत्ताच गेल्या'. तरी वयाकडे बघून ताई दर वेळी शेरा मारत, मदत चालू ठेवावी. टॅबमध्ये शेऱ्याला जागाच नव्हती. त्यांनी भराभर खुणा केल्या.

"किती पडले?" मास्तरांनी विचारलं.

"शंभरात ब्याण्णव."

"आठ कुठे कापले?" मास्तर खुशीत म्हणाले. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि कॉल बंद केला. निदान त्यांना तसं वाटलं.

टॅबवर खाली लाल अक्षरं उमटली: चाळीसपेक्षा जास्त गुण, मदतनीस एक तारखेपासून बंद. ताईंनी ती दोनदा वाचली. पण उत्तरं मास्तरांचीच होती, त्याला त्या तरी काय करणार? पाठवायचं बटण दाबायला बोट उचललं, तेवढ्यात टॅबमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मास्तर उठत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टेबलाला धरून कसेबसे उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाखाली चुरगळलेला पायजमा होता आणि गुडघे लटपटत होते. भिंतीला हात लावत ते दोन पावलं गेले आणि दम खायला थांबले.

"मास्तर, फोन चालू आहे!" ताई ओरडल्या. यंत्राशिवाय मास्तरांना ढोलसुद्धा ऐकू आला नसता.

"बाई, या बाहेर! ब्याण्णव पडले!"

स्वयंपाकघरातून मदतनीस बाई चहाचा कप घेऊन आल्या. त्यांनी मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद खुर्चीत बसवलं. "म्हटलं नव्हतं, इस्त्री केली की पास होणार म्हणून?" त्यांनी मोठ्यानं म्हटलं, आणि त्यांची नजर फोनवर गेली. कप बशीत खडखडला.

"त्यांच्या कानात यंत्र घाला," ताई म्हणाल्या.

यंत्र कानात जाताच फोन चालूच होता हे मास्तरांना कळलं, आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. शेजारचा दोस्त अशाच पाहणीनंतर वृद्धाश्रमात गेला होता. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, नापास व्हायचं नाही.

"अहो, दोस्त त्यांच्या मर्जीनं गेले. तुमच्या सहीशिवाय तुम्हाला कोणी हलवत नाही. उलट जास्त गुण पडले की बाईच बंद होतात!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. स्वतःच्याच हातानं इस्त्री करून त्या स्वतःची गच्छंती करायला निघाल्या होत्या.

"आणि सहा वर्षं मी प्यायले तो चहा कोणाचा?" ताईंनी विचारलं.

"साखर बरोबर असायची ना?" बाई हळूच म्हणाल्या.

ताईंना हसावं की रडावं कळेना. सव्वीस वर्षांची पारखी नजर सहा वर्षं त्या चहानं गुंडाळली होती, आणि खरं दाखवलं ते त्यांच्या नावडत्या टॅबनं. त्यांना लाज वाटली. सगळ्या खुणा पुसून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"आंघोळ स्वतः करता?"

मास्तरांनी शर्टाची कॉलर सारखी केली. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "बाई घालतात."

"जिना?"

"दोन वर्षांत उतरलो नाही."

पुढची 'नाही' मात्र त्यांनी जरा जोरातच म्हटली. चहाच्या प्रश्नाला तर बाई आणि मास्तर एका सुरात 'नाही' म्हणून ओरडले.

"एकतीस," ताई म्हणाल्या. "बाई चालू. पुढच्या वेळी मी स्वतः येते. बाईंनी समोर बसून चहा प्यायचा."

मास्तरांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि फोनजवळ तोंड आणलं.

"उद्या सकाळी बाई येणार ना? नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे. पण ताई, निकाल माझ्या विद्यार्थ्यांना कळू देऊ नका."