तीन घरांचे आकडे

अंबरपेठेतल्या आमच्या कॉलनीच्या विहिरीत किती पाणी उभं आहे, हे मी अठरा वर्षं रोज सकाळी सहाला मोजतो. खुणा केलेला दोर सोडायचा, सेंटिमीटरमध्ये आकडा घ्यायचा, वहीत लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर सकाळ मोकळी पडली, एवढंच कारण.

माझी सून अनुराधा पुण्याची, इथे संगणकाच्या कंपनीत आहे. विहीर कधी आटेल हे आधी सांगणारं एक छोटं यंत्र तिची कंपनी बनवते आहे. त्यासाठी तिने माझ्या वह्या मागितल्या. मी सगळे आकडे एका साध्या फाईलमध्ये टाइप करून दिले, ओळीला एक, एकूण सहा हजार पाचशे चौऱ्याहत्तर.

तिच्या संगणकावरच्या स्क्रिप्टने ते बिनतक्रार वाचले. पण यंत्राला सी भाषेतला प्रोग्रॅम लागतो. बाकी स्क्रिप्टचं सीमध्ये आपोआप रूपांतर झालं, फाईल वाचणारी ओळ मात्र होईना. तेवढा भाग संदेशने, तिच्या हाताखालच्या मुलाने, स्वतः लिहिला. आणि शनिवारी सकाळी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला.

"काका, आकडे जास्त निघतायत," तो म्हणाला. "साडेसात हजाराच्या वर. टायपिंगमध्ये कायतरी गडबड झाली ना."

"स्क्रिप्टला बरोबर सापडत होते," अनुराधा म्हणाली.

"मॅडम, स्क्रिप्ट चुका पोटात घालते. सी नाही घालत. चारला कॉलवर क्लायंटला दाखवायचंय. काकांची फाईल नक्को, दुसऱ्या गावची घेऊ."

अनुराधाने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. मला तिचा राग आला नाही. डोळे अधू, बोटं जड, चूक माझीच असणार. अठरा वर्षांच्या वह्या कपाटात परत ठेवायच्या, एवढंच मनात आलं.

तरी मी विचारलं, "प्रोग्रॅमने वाचलेले पहिले वीस आकडे कागदावर मिळतील?"

"काका, परेशान नका होऊ," संदेश म्हणाला, पण छापून दिले.

मी वही शेजारी ठेवली. ११२ला ११२. १०७ला १०७. ०६४च्या जागी ५२. ०७१च्या जागी ५७. आणि ०५८चे दोन तुकडे, ५ आणि ८. शंभराच्या वरचा एकही आकडा चुकला नव्हता.

आबिड्सच्या कचेरीत माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं: तीन घरं असतील तर तिन्ही भरा, नाहीतर मागाहून कुणीतरी पुढे एक आकडा घुसडेल. त्यामुळे चौसष्ट मी ०६४च लिहितो. टाइपही तसंच केलं होतं.

सुलतान बाजारच्या फुटपाथवर एकदा मी सीचं एक जुनं पुस्तक घेतलं होतं. घरात संगणक नसताना दोनदा वाचलं. हसतील म्हणून कुणाला बोललो नव्हतो.

"मला वाटतं," मी म्हणालो, "चुकत असेन कदाचित. पण आकडा शून्याने सुरू झाला की सी तो आठाच्या हिशोबात धरते ना? सहा आठे अठ्ठेचाळीस आणि चार, बावन्न. आणि त्या हिशोबात आठ हा अंकच नाही, म्हणून ०५८ पाचाशी तुटला."

मी चष्मा पुसायला घेतला.

"वाचताना आय दिलंय का डी?" अनुराधाने विचारलं.

संदेशने पडद्यावर पाहिलं. "आय. म्हणजे पुढचं शून्य बघून हिशोब तोच ठरवतो. डी असता तर कायम दहाचाच धरला असता." त्याने एक अक्षर बदललं आणि प्रोग्रॅम चालवला.

सहा हजार पाचशे चौऱ्याहत्तर.

पाठोपाठ पाण्याचा स्क्रिप्टने काढलेला आलेख आणि यंत्राच्या प्रोग्रॅमने काढलेला आलेख एकावर एक ठेवले, तर एकच रेघ दिसत होती. अनुराधाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"फुटपाथवर," मी म्हणालो.

संदेश हसला. "उस्ताद निघालात काका. चारला तुमचीच फाईल. फक्त ती पुढची शून्यं काढून टाकतो, हौ?"

घरात मी सहसा कशालाच नाही म्हणत नाही.

"नाही," मी म्हणालो. "राहू देत."

राहिली. चारला अनुराधाने मला शेजारी खुर्ची दिली आणि पडद्यापलीकडच्या लोकांना माझं नाव सांगितलं. मी शेवटपर्यंत उठून गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोर सोडला. वहीत लिहिलं: ०९३.