चार मोजेपर्यंत

मिल्टन कीन्सहून ग्लासगोला गाडीने सात तास लागतात आणि रघुवीर सात तास न थांबता बोलू शकतो, हे मनीषाला लग्नाच्या तिसाव्या वर्षी नव्याने कळायचं काही कारण नव्हतं. पण आज तो मुद्दाम बोलत होता. ठरवून, कट करून बोलत होता, आणि त्या कटात सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मान डोलावण्याचं पाप तिनेही केलं होतं.

त्याचं झालं असं. त्यांची अक्षरा ग्लासगोत पुलांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात होती. तिथेच वेस्ली नावाचा एक अमेरिकन मुलगा होता, आणि दोघांचं जमलं होतं. उद्या दुपारी साखरपुडा. वेस्लीचे वडील हार्लन थेट अलाबामाहून आले होते. सत्तरीचे, सहा फुटांचे, गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारे, कायम मांडीवर हॅट घेऊन बसणारे. हीथ्रोला उतरून तिथूनच ते पुढचं विमान घेणार होते. ते त्यांनी रद्द केलं आणि रात्रीपुरते मनीषाकडे उतरले.

"आई, त्याने मुद्दाम फ्लाइट कॅन्सल केला," अक्षरा फोनवर म्हणाली होती. पाचव्या वर्षापासून इथे वाढलेली पोरगी, तिच्या मराठीत पुरुष, बायका आणि वस्तू हव्या तिथे बसायच्या. "वेस्लीचा डॅड खूप कमी बोलते. पण त्याला तुमच्याशी काहीतरी बोलायचं आहे, फंक्शनच्या आधी. वेस्लीचा मम्मी गेल्यापासून वेस्ली डॅडचा शब्द मोडत नाही. तो नाही म्हणाला, की संपलं. सो प्लीज."

एवढं ऐकलं आणि रघुवीरने निकाल लावून टाकला. होकार द्यायला कोणी विमान रद्द करून सात तास गाडीत बसत नाही, म्हाताऱ्याच्या पोटात नकार आहे, असं त्याचं म्हणणं. अमेरिकन माणूस आपण कोळून प्यायलोय, हेही त्याचंच म्हणणं. त्याला आधार काय, तर बावीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीत काढलेली दोन वर्षं. जर्सीत म्हणे सगळे एकाच वेळी बोलतात, तुम्हीही मध्ये घुसायचं असतं, आणि जो घुसत नाही, गप्प बसतो, त्याच्या मनात काळंबेरं असतं. वर हा माणूस त्याला वाक्यागणिक 'सर' म्हणत होता. जर्सीत त्याला 'सर' म्हणणारा एकच इसम भेटला होता, आणि तो वकील निघाला होता.

तेव्हा बेत ठरला. म्हाताऱ्याला बोलूच द्यायचं नाही. एकदा ग्लासगो आलं, पोरं समोर आली, पाहुणे जमले, की एवढा सभ्य माणूस सगळ्यांदेखत नाही कसा म्हणेल? मनीषाला हे पटलं होतं असं नाही. पण पोरीचं लग्न मोडायच्या भीतीने माणूस कशालाही मान डोलावतो.

नऊ वाजता निघाले. हार्लन मोठे सभ्य, मनीषाच्या हातातली डब्यांची पिशवी त्यांनी स्वतः घेऊन बूटमध्ये, म्हणजे मागच्या डिकीत, ठेवली, तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं, आणि मग स्वतः पुढे रघुवीरच्या शेजारी बसले. गाडी हलली तशी त्यांनी तोंड उघडलं. "सर," ते म्हणाले, "माझी ती बॅग..." आणि थांबले.

"बूटमध्ये अगदी सेफ आहे, डोन्ट वरी," म्हणत रघुवीरने पहिल्या राउंडअबाउटची, म्हणजे गोल चौकाची, माहिती सुरू केली. मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउट किती आहेत ते विचारू नका. रघुवीरने एकही सोडला नाही. तिसऱ्याला हार्लन पुन्हा "सर, मला वाटतं..." म्हणाले, तर रघुवीरने, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, सिग्नलपेक्षा हेच बरं, असं त्यांचं वाक्य त्यांच्याच वतीने पुरं करून टाकलं. पाचव्याला शेजारच्या नंदाचा फोन आला. रघुवीरने तो कापला. तो पुन्हा आला, पुन्हा कापला. बोलण्यात खंड पडून चालणार नव्हतं ना.

नॉटिंगहॅमला सुचेताताई गाडीत आल्या. रघुवीरची थोरली बहीण, फार्मसीत नोकरीला. आता खरं तर रघुवीरला थोडी विश्रांती मिळायला हरकत नव्हती, पण त्या घराण्यात दुसरा बोलायला लागला म्हणून पहिला थांबत नाही. दोघांनी मिळून हार्लनना इंग्लंडची हवा, एनएचएसचे सरकारी दवाखाने, मॉर्टगेजचे दर आणि ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. हार्लन मान डोलावत होते. मधूनच तोंड उघडत, एक शब्द बाहेर येई, पुढचा यायच्या आत दोघांपैकी कोणीतरी वाक्य पळवून नेई. मनीषा मागून त्यांच्या मानेकडे बघत बसली होती. तिला त्यांची दया येऊ लागली होती, आणि आपलीच लाज वाटत होती.

स्कॉच कॉर्नर नावाच्या फाट्याच्या अलीकडे हार्लननी शेवटचा प्रयत्न केला. या वेळी ते मागे वळून मनीषाशीच बोलले. "मॅम, तुमची लेक..." म्हणाले आणि थांबले, आणि ताई म्हणाल्या, की लेक कसली, हिरा आहे हिरा, शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही, आणि तिथून गाडी अक्षराच्या पोहण्याच्या मेडलवर गेली. हार्लननी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सावकाश, अगदी अदबीने म्हणाले, "थँक यू, मॅम." हॅट मांडीवर सरळ केली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मनीषा सावरून बसली. हे 'थँक यू, मॅम' तिने ऐकलेलं होतं. एकदा नाही, शेकडो वेळा.

रघुवीर जर्सीत होता तेव्हा ती पुण्यात, लहानग्या अक्षराला आईकडे ठेवून, एका कॉल सेंटरला जायची. अमेरिकेतल्या लोकांच्या फ्रिजच्या तक्रारी ऐकायच्या. तिथे तिचं नाव मेगन होतं. भिंतीवर अमेरिकेचा रंगीत नकाशा होता, आणि ट्रेनिंगच्या बाई छडीने एकेक रंग दाखवून शिकवायच्या. वरचा उजवा कोपरा, न्यूयॉर्क-जर्सी: थांबायचं नाही, तुम्ही दोन सेकंद गप्प बसलात की गिऱ्हाईक फोन बंद पडला समजतं. खालचा पट्टा, टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा: तिथलं गिऱ्हाईक थांबलं म्हणजे संपलं असं नाही. ते पुढचं वाक्य आणायला गेलेलं असतं. मनात चार मोजायचे, मगच तोंड उघडायचं. मध्ये बोललात तर ते चिडणार नाही, ओरडणार नाही. 'थँक यू, मॅम' म्हणेल, फोन ठेवेल आणि दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट रद्द करेल.

आणि आपण काय केलं? अलाबामाच्या माणसाला सकाळपासून जर्सी समजून हाणतोय. मनीषाने कपाळाला हात लावला. नकार असेल तर असेल, पण आणायला गेलेलं वाक्य त्या माणसाला निदान आणू द्यायला हवं होतं. फसवून, गप्प बसवून मिळवलेल्या होकारावर पोरीने संसार करायचा होता का?

प्रश्न एवढाच होता, की या बहीणभावंडांना गप्प कसं करायचं. 'जरा थांबा' म्हणून ते थांबले असते तर तीस वर्षांत कधीतरी थांबले असते. तिने रघुवीरला मराठीत सांगून पाहिलं, अहो, त्यांना बोलू द्या. त्याने आरशातून डोळे वटारले आणि अलाबामात पाऊस किती पडतो असं हार्लनना विचारून उत्तरही स्वतःच दिलं. मनीषा मग गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी शिजत असतं, हे रघुवीरला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

बॉर्डर ओलांडून स्कॉटलंडात शिरल्यावर तिने बाथरूमचं निमित्त करून गाडी हायवेवरच्या एका सर्व्हिसेसच्या थांब्यावर घ्यायला लावली. सगळे पाय मोकळे करून परत गाडीत बसले, गाडी अजून सुरू व्हायची होती. तोवर तिने बूटमधून डबा काढून मांडीवर घेतला होता. डब्यात उद्यासाठी केलेले बेसनाचे लाडू. रघुवीरच्या कोलेस्टेरॉलमुळे या वर्षी तिने तूप हात राखून घातलं होतं, त्यामुळे ते असे झाले होते की एका घासात घशाला तोठरा बसावा. काल रात्री त्यावरून रघुवीरने तिला बरंच ऐकवलंही होतं. पाण्याची बाटली तिने पायाने आपल्या सीटखाली सारली.

"अहो, चाखून सांगा बरं, उद्या पाहुण्यांपुढे ठेवता येतील का," ती लाडिकपणे म्हणाली. तिचा लाडिक आवाज दुर्मीळ होता, त्यामुळे रघुवीर बेसावध सापडला. त्याने अर्धा लाडू तोंडात टाकला. ताईंना तिने अख्खा दिला. तुमच्या हाताला चव आहे, तुम्हीच खरं सांगाल, असं म्हणाली. ताईंनी तो अख्खाच्या अख्खा आत ढकलला.

गाडीत शांतता पसरली. हार्लननी आश्चर्याने डावीउजवीकडे पाहिलं. मनीषाने मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार.

"मॅम," हार्लन म्हणाले, "माझी छोटी बॅग तुमच्या दारापुढच्या भिंतीवर राहिली. तुमची डब्यांची पिशवी उचलताना तिथे ठेवली होती. पहिल्या राउंडअबाउटपासून सांगायचा प्रयत्न करतोय."

रघुवीरचे डोळे बाहेर आले. त्याने हातवारे करून पाणी मागितलं. मनीषाने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ताई घास गिळण्याच्या बेतात होत्या, त्यांच्यापुढे तिने बोट उभं केलं. वाक्य संपलेलं नव्हतं. एक, दोन, तीन, चार.

"त्या बॅगेत एक कागद आहे. तुमच्याशी काय बोलायचं ते मी त्यावर लिहून आणलं होतं. मला बोलायला जमत नाही, मॅम. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्या बायकोकडे होतं."

पुन्हा ते थांबले. या वेळी तिने चार मोजले, पाच मोजले, सहा मोजले. आता तिचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता. कागदावर काय होतं? हार्लननी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक लहानशी कापडी पुरचुंडी काढली. तिच्यात एक साधी, झिजलेली सोन्याची अंगठी होती.

"कागद राहिला, पण ही मी खिशातच ठेवली होती. ही तिची. ती असती तर तिनेच येऊन तुम्हाला विचारलं असतं, म्हणून मी विमान सोडून आलो. तुमची लेक आमच्या घरात यावी अशी आमची फार इच्छा आहे. तुमची हरकत नसेल तर ही उद्या तिच्या बोटात घालतो."

मनीषाने डोळे पुसले, मग सीटखालची बाटली काढून रघुवीरच्या हातात दिली. तो पाणी प्यायला. घास गेला, घसा मोकळा झाला, बोलायला आता कोणाचीच आडकाठी नव्हती. आणि रघुवीर बोलेना. अंगठीकडे बघत नुसता बसून राहिला. सकाळपासून ज्या माणसाने नकार देऊ नये म्हणून त्याने राउंडअबाउट मोजून दाखवले, तो माणूस होकार खिशात घेऊन शेजारी बसला होता, आणि वर त्याचीच परवानगी मागत होता.

मनीषाने तेवढ्यात नंदाला फोन लावला. बॅग तिच्याकडेच होती. अगं, नऊ दहाला मी तुम्हाला दोनदा फोन केला, तुझ्या नवऱ्याने कापला, असं नंदाने तिला ठणकावून सांगितलं. उद्या पहाटे तिचा मुलगा देव कामासाठी ग्लासगोलाच निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. मनीषाने फोन ठेवला. रघुवीर अजून गप्पच होता.

आता मात्र हार्लन अस्वस्थ झाले. हॅट या हातातून त्या हातात फिरवत ते मागे वळले आणि दबक्या आवाजात मनीषाला म्हणाले, "मॅम, माझं काही चुकलं का? हे गृहस्थ सकाळपासून पहिल्यांदाच गप्प झालेत. त्यांचा नकार आहे का?"

मनीषाला हसू आवरेना. बावीस वर्षांनी तिने मेगनचा आवाज काढला, तोच सावकाश, ताणलेला, अलाबामाच्या गिऱ्हाइकासाठी घोटून घोटून बसवलेला. "नाही, सर," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चार मोजा."

हार्लन चमकून तिच्याकडे बघतच राहिले. मग गंभीरपणे त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

तीनवर रघुवीर बोलला. चारपर्यंत कळ काढणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने मागे हात करून मनीषाच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला, दोन्ही हातांनी हार्लनपुढे धरला आणि घोगऱ्या आवाजात, चक्क मराठीत म्हणाला, "लाडू घ्या, व्याही."

हार्लनना त्यातला एकही शब्द कळला नाही. पण डबा कळला. त्यांनी रीतसर एकदा नको म्हटलं, दोनदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा रघुवीरने डबा पुढे केल्यावर एक लाडू उचलून अख्खा तोंडात टाकला. मनीषानेही एक घेतला. मग बराच वेळ गाडीत कोणीच काही बोललं नाही, कारण कोणाला बोलताच येत नव्हतं.