योरुनने केटिलला बाहेर काढलं

रेक्याविकच्या डॉक्टरांनी केटिलला घरी सोडलं, ते आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. तो बायकोला म्हणाला, "योरुन, एकदा तंबू घेऊन दरीत जाऊ. गरम पाण्यात बसायचंय मला."

दरीत तंबू लावला, तिथून गरम पाण्याचा झरा जवळच. धडधाकट माणूस शीळ घालत जाईल एवढीच वाट. पण केटिलला सारखं दगडावर टेकावं लागत होतं.

"म्हातारे, तू हो पुढे," तो धापा टाकत म्हणाला.

"म्हातारा तू. मी अजून मेंढ्यांमागे धावते."

बारीक पाऊस लागला होता. तिने त्याचे कपडे काढले आणि हाडांचा तो सापळा अलगद कुंडात उतरवला. पाणी छातीला लागलं तसा तो डोळे मिटून हसला.

"कॉफी तंबूतच राहिली," तो म्हणाला. "आणतेस? आणि हा चष्मा ने. वाफेने काही दिसत नाही."

"एकटा बसशील?"

"पळून कुठे जातोय? सावकाश ये, घसरशील."

तंबू दिसायला लागला आणि तिची मूठ चष्म्यावर आवळली. जन्मभर हा माणूस चष्मा लावूनच पाण्यात बसला होता. वाफ धरली की बोटाने पुसायचा, म्हणायचा, डोंगर दिसायला हवा.

ती आल्या वाटेने परत धावत सुटली. कुंडात कुणी दिसेना. बुटांसकट तिने उडी घेतली, काखेत हात घालून त्याला ओढून वर काढलं आणि पालथा घालून पाठीवर थापा मारत राहिली. कितीतरी वेळाने तो खोकला, पाणी ओकला.

तिला ओळखताच त्याला रडू फुटलं. "का काढलंस गं? आत दुखत नव्हतं."

"मला न सांगता जाणार होतास?" ती किंचाळली.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

त्याला घोंगडीत गुंडाळून, पाठुंगळी घेऊन ती चालू लागली. वजन असं काही उरलंच नव्हतं.

केटिल पुढे अख्खा हिवाळा जगला, दवाखान्यात, नळ्या लावून. शेवटी शेवटी गुरासारखा ओरडायचा. योरुन उशाशी बसून असायची. हात धरला तर तो धरू द्यायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

एकदा त्यांची मुलगी भेटायला आली तेव्हा त्याच्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून बाबा वाचले."

"त्याच्यासमोर असं बोलू नकोस," योरुन म्हणाली.