मनोऱ्यावरचं पांढरं कापड

मी न्हावी. माणसाचं तोंड विसरेन, डोकं विसरणार नाही.

आमच्या शहरातला जुना मनोरा बघायला लोक लांबून येतात. कुण्या राजाने तो आगीवर लक्ष ठेवायला बांधला म्हणे. वर गेलं की सगळं शहर दिसतं, नदी, पूल, घुमट, पार पलीकडच्या टेकड्या. लोक धापा टाकत जिना चढतात आणि वर येऊन आपलं हॉटेल शोधतात. हौसेला मोल नाही. उत्तरेच्या कठड्याशी मात्र कुणी थांबत नाही, कारण तिथून तुरुंग दिसतो. ती बाजू आमची, म्हणजे माझी आणि बायकोची.

आमचा मुलगा त्या तुरुंगात आहे. मारामारीत त्याच्या हातून एकाचा जीव गेला. आम्ही भेटायला गेलो तर शिपाई आतून निरोप घेऊन आला, नाही भेटायचं म्हणतोय. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी शिपायालाच आमची दया आली. म्हणाला, रविवारी दुपारी कैद्यांना अंगणात सोडतात, मनोऱ्यावरून दिसतं.

मग बायकोने दुकानातलं पांढरं कापड सोबत घेतलं, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतो ते. कठड्यावरून झटकलं. खाली मुंग्यांएवढी माणसं फिरत होती. त्यातल्या एकाने थांबून दोन्ही हात वर केले. जिना उतरताना बायको रडत होती आणि हसतही होती.

"टाकलं नाही हो त्याने आपल्याला," ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. तिकीटवाला चेष्टा करतो, एवढ्यांदा तर तो राजाही वर गेला नसेल.

गेल्या रविवारी वरची दुर्बीण दुरुस्त झालेली दिसली. आम्ही जायला लागल्यापासून ती गोणपाटात गुंडाळलेलीच होती. नाणं टाकलं की बघता येतं. बायकोला कोण आनंद. तिने कापड झटकलं आणि म्हणाली, आधी तुम्ही बघा, मग मी डोळे भरून बघते.

मी बघितलं. हात वर केलेला माणूस अगदी समोर उभा राहिल्यासारखा दिसला. उकाड्यामुळे असेल, त्याने टोपी काढली होती आणि तीच हलवत होता. डोक्यावर मधोमध टक्कल. आमच्या पोराच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत आणि केस म्हणजे नुसतं रान, कंगव्याला दाद न देणारं. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं मी त्याला चिडवायचो. इथे पहिलीचाच पत्ता नाही. खोटं बोलावंसं वाटलं. गिऱ्हाइकांशी बोलतोच की रोज, तुमचे केस अजून दाट आहेत म्हणून. पण तिला धीर कुठला.

तिने मला बाजूला केलं आणि डोळा लावला.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

मग ती दुर्बीण हळूहळू फिरवायला लागली. एका जागी थांबली. मग सरकून मला जागा दिली.

भिंतीच्या सावलीत आमचा मुलगा बसला होता. टोपी शेजारी काढून ठेवलेली, दोन्ही भोवऱ्यांवरचे केस उभे, तोंड मनोऱ्याकडे. लहानपणी शाळेतून आला की हीच कापडं तो झटकायचा, घड्या घालायचा. त्याने ओळखलं नाही असं होणारच नाही. तो कापडाकडेच बघत होता. हात मांडीवर होते. मी त्या हातांकडे बघत राहिलो. ते हलले नाहीत. मग नाण्याची वेळ संपली आणि दुर्बिणीत अंधार झाला.

इतके रविवार तो तिथेच बसून बघत असणार. हे मनात आलं. मी म्हणालो, चल घरी, आता कशाला यायचं इथे. कापड ओढून घडी घालायला लागलो. ती जागची हलली नाही.

"अहो, त्याने अजून हात खाली केले नाहीत."

"कुणी?"

"त्या टकल्याने. त्याला वाटतंय, त्याचंच कुणीतरी आलंय."

तिने माझ्या हातून अर्धी घातलेली घडी घेतली, उलगडली आणि कापड कठड्याबाहेर धरलं. खाली टोपी हलत होती. मी भिंतीकडे बघितलं. दुर्बिणीशिवाय तिथे नुसती सावली दिसत होती.