एस्तेरबाईंच्या शेजारची जागा

मी बाक बोलतोय. वर्गातला नव्हे, शिक्षकांच्या खोलीतला. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरकडच्या एका खेड्यातलं हायस्कूल हे माझं घर. शाळेची इमारत वाढवताना आड आलेला कडुनिंब तोडला आणि सहादेव सुतारानं त्याच्या फळ्यांतून मला घडवलं. पाठ टेकायला जागा, दोन्ही बाजूंना हात, आणि तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी लांबी.

मला खिडकीखाली ठेवलं. खोलीतल्या खुर्च्या ज्याच्या त्याच्या ठरलेल्या होत्या. माझ्यावर कुणीही बसावं. कोण कुणाला बघून सरकून जागा देतं आणि कोण कुणाला बघून मधे पिशवी ठेवतं, यावरून मला शाळेतली हवा कळायची.

माझ्यावर रोज बसायच्या त्या एस्तेरबाई. विज्ञान शिकवायच्या. आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. नाताळात करंज्या आणि चिवड्याचे डबे आणून माझ्यावर मांडायच्या, आणि एरवी गंभीर असणारे सर लोक पोरांसारखे तुटून पडायचे.

पुढं मराठी शिकवायला स्नेहल आली. पारनेरकडची. नवरा अपघातात गेलेला, लहानग्या सृष्टीला घेऊन ती इथं भाड्याच्या खोलीत राहायची. पहिल्या दिवशी डबा घेऊन ती दारातच घोटाळली. बाईंनी सरकून जागा केली. तेव्हापासून दोघी माझ्यावर बसून एकमेकींच्या डब्यातलं जेवू लागल्या. स्नेहल त्यांना ताई म्हणायची.

मग मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले. त्यांच्यामागं सगळ्यांत जुन्या एस्तेरबाई. नियमानं ती जागा त्यांचीच. पण संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांच्या मनात त्यांचा भाचा होता. हा भाचा, आदिनाथसर, माणूस वाईट नव्हता, गणित चांगलं शिकवायचा. पण बाईंच्या पुष्कळ नंतर लागलेला. बाईंनी आपणहून नको म्हटलं, तरच त्याला ती जागा मिळणार होती.

आप्पासाहेबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. ते आले, माझ्यावर बाईंच्या शेजारी टेकले, चहा मागवला. म्हणाले, मुख्याध्यापकाला गावात ऊठबस ठेवावी लागते, पुढाऱ्यांकडं हेलपाटे असतात, या वयात तुम्हाला कशाला ही दगदग?

“दगदगीची सवय आहे मला, आप्पासाहेब,” बाई म्हणाल्या.

ते हसले, चहा संपवला आणि गेले. त्या दिवसापासून खोलीतली हवा पालटली. बाईंकडचा दहावीचा वर्ग काढून पाचवीचा दिला. ज्ञानेश्वरसर रोज त्यांच्याशी गप्पा मारायचे, ते आता त्या आल्या की वही चाळत बसायचे. भांडण कुणीच केलं नाही. फक्त एकेक जण माझ्यावरून उठून खुर्चीवर गेला. त्या नाताळात कुणाचा उपास निघाला, कुणाचं पोट बिघडलं. करंज्यांचा डबा भरलेलाच राहिला.

एकटी स्नेहल मात्र हलली नाही. उलट सगळ्यांदेखत दोन करंज्या जास्त खाल्ल्या. ज्ञानेश्वरसरांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, तर तिनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. बाईंना म्हणायची, “ताई, तुम्ही मागं हटू नका. मी आहे.”

पुन्हा आप्पासाहेब आले, ते तास चालू असताना. खोलीत बाई एकट्या होत्या. या खेपेला त्यांनी सुरुवातीला मुख्याध्यापकपदाचा विषयच काढला नाही. स्नेहलची चौकशी केली. पोरगी गुणी आहे म्हणाले. तिच्या नेमणुकीला अजून सरकारी मान्यता नव्हती. संस्थेनं प्रस्ताव पाठवल्याशिवाय ती मिळणार नव्हती. “तुमचा नकार आला, की तिचा प्रस्ताव जाईल,” ते म्हणाले. “नाहीतर तिच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल. लेकीला घेऊन कुठं जाईल बिचारी?”

बाईंच्या हाताची बोटं माझ्या कडेवर आवळली, ती मला अजून जाणवतात.

“लिहून देते,” त्या म्हणाल्या. “पण तिला कळता कामा नये. कळलं तर ती नोकरी सोडेल, मला लिहू देणार नाही.”

आदिनाथसर मुख्याध्यापक झाले. खोलीत बोलणं उठलं, की बाईंनी हलक्या कामाचा वायदा घेऊन जागा सोडली. स्नेहलनं ते ऐकलं. ती माझ्यापाशी आली, पण बसली नाही.

“ताई, तुमच्यासाठी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही मला एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही?”

“थकले गं मी,” बाई म्हणाल्या. एवढंच.

स्नेहलनं डबा उचलला आणि टेबलापलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. पुढं तिची मान्यता आली, तिनं खोलीत पेढे वाटले. बाईंना पेढा देताना तिनं वर पाहिलं नाही. बाईंनी मात्र तो लगेच तोंडात टाकला.

निवृत्त होईपर्यंत बाई माझ्यावर एकट्याच जेवल्या. निरोपाच्या दिवशी आप्पासाहेबांनी त्यांच्या त्यागाचं कौतुक केलं. स्नेहल बोलायला उठलीच नाही.

यंदा नवं फर्निचर आलं आणि मला मागच्या पडवीत टाकलं. माझा एक पाय खिळखिळा झालाय. परवा स्नेहलनं कुठल्याशा कागदावर सही करायला नकार दिला, तर आप्पासाहेब तिला म्हणाले, तुमची मान्यता कुणामुळं झाली ते एकदा समजून घ्या. आणि सगळं सांगून टाकलं, त्याच शांत आवाजात. तिची मान आपल्या हातात राहावी म्हणून.

ती पडवीत येऊन माझ्यावर बसली. पदराचा बोळा तोंडात धरून रडली. खिचडी शिजवणाऱ्या बनुबाईनं विचारलं, तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. एस्तेरबाई आता अहिल्यानगरला, भावाकडं, सत्यवानकडं राहतात. गुडघे धरलेत, घराबाहेर पडत नाहीत.

“मग जावा की,” बनुबाई म्हणाली.

“कुठल्या तोंडानं जाऊ, मावशी?”

“त्या वाट बघत असत्याल का न्हाई, मला काय ठावं. पर तुमी गेला तर दार उघडत्याल. त्येवढं मला म्हाईत हाय.”

अजून ती गेलेली नाही. रोज दुपारी येते, माझ्यावर बसते, उद्या जाईन म्हणते. सुट्टीत मला मोडून चुलीला घालणार आहेत. त्याचं मला दुःख नाही. लाकडाचं तेच होतं. पण तुम्ही कुणी या शाळेकडं आलात, तर माझ्या वतीनं तिला एवढं सांगा: नगरची गाडी बेलापूरवरूनच जाते, बाई. आजच बस.