बाहेरचं

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याचे. औषधात हुशार, पण खेड्यातल्या बाईनं तोंड उघडलं की त्यांचा चेहरा कोरा. म्हणून रोग्याला विचारपूस करायचं काम माझ्याकडे, चिंतामणी कंपाउंडरकडे. बारा वर्षं केलं. सोलापुरात इकडची बोली माझ्याइतकी कुणाला कळत नाही, असा माझा तोरा. जळो तो तोरा!

चौतीस सालच्या चैत्रात वळसंगची गोजाबाई नवऱ्याला बैलगाडीत घालून आली. नवरा धुळा मेंढरं राखणारा, चाळिशीचा गडी. दारातल्या बाकड्याला मेंढी समजून हाका मारत होता. बायकोलाच विचारत होता, "तू कुनाची गं?" हातपाय गार, अंगाला चिकट घाम. डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधून दाब मोजला. पारा ऐंशीलाही टिकेना.

"डोक्याला रक्त पोचत नाही, म्हणून बरळतोय," डॉक्टर म्हणाले. "पण दाब पडला कशानं? ऊन लागलं असेल, जुलाब झाले असतील, काही विषारी पोटात गेलं असेल, नाहीतर कुठून तरी रक्त गेलं असेल. विचारा तिला. नीट विचारा."

बाहेर तीस माणसं खोळंबलेली, उकाड्यानं माझं डोकं तापलेलं. मी सरबत्ती सुरू केली.

"जुलाब?"

"न्हाय."

"दारू? कसली मुळी-बिळी खाल्ली?"

"न्हाय जी. दारूला शिवत न्हायती."

"रक्त पडलं का कुटं? उलटीत?"

"रगत न्हाय पडलं. पन सायेब, चार दिस झालं, त्येंचं बाहेरचं लई काळं..."

झालं! माझं पित्तच खवळलं. बाहेरचं म्हणजे भुताखेताची बाधा. रोज दहा बायका तेच गाऱ्हाणं घेऊन येत. "ए बाई, ते हितं सांगायचं न्हाई! दवाखाना हाय हा, देवऋष्याचं घर न्हवं!" तिनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही साहेब. अंगारे-धुपारे."

मग ऊन लागल्याचंच ठरलं. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ओली फडकी ठेवली. दुपारपर्यंत दाब जरा वर आला, धुळानं बायकोला ओळखलं. डॉक्टरांनी बाटलीभर औषध दिलं आणि दोघांना गाडीनं घरी पाठवलं. वाटेत कुंभारी गावाच्या पुढे गाडीतच धुळा गेला.

पंधरा दिवसांनी गोजाबाई आली. कपाळ मोकळं, हातात आमची बाटली, धुऊन पुसून आणलेली. मी विचारलं, "वाटेत काय झालं गं बाई?"

"पुन्यांदा बाहेरला झालं की. समदं काळं, डांबरागत. चार दिस तसंच जात हुतं. तुमास्नी त्येच तर सांगत हुते."

 बाहेरला जाणं म्हणजे परसाकडं जाणं, हे पोरासोरांनाही कळतं. आणि पोटात रक्त सुटलं की शौचाला काळं होतं, हे मला बारा वर्षं तोंडपाठ! तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर त्याला घरी धाडलाच नसता. पोटावर बर्फ ठेवून, आडवा निजवून मोठ्या इस्पितळात नेला असता. वाचलाच असता असं नाही म्हणत मी. पण त्याची वाट मीच बंद केली.

"माजंच चुकलं, सायेब," ती म्हणाली. "बाप्या मानसापुढं लाज वाटली. नीट सांगाया आलं न्हाय. म्या धड बोलले असते, तर वाचले असते का वो धनी?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण नोकरी आठवली, अब्रू आठवली.

"असू दे, बाई," मी म्हणालो. "आता काय करायचं!"

तिला बरं वाटलं असावं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.