समोरच्या खोलीतला कापूस

काळूला घालवलं तेव्हा आचल दोन दिवस जेवली नाही. काळू म्हणजे आमचा कुत्रा, तिच्या जन्माआधीपासून घरात असलेला. पोरीला दम लागतो म्हणून त्याला पवनारला माझ्या नणंदेकडे सोडलं. हुकूम माझ्या सासऱ्यांचा, मनोहररावांचा. "कुत्र्याचे केस छातीत जाते," असं त्यांनी ओसरीवर बसून जाहीर केलं आणि विषय संपला. त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शहाणी.

कुत्र्यामागून दही गेलं. मग केळी, पेरू, बर्फाचा गोळा. चूल मी नवऱ्याशी भांडून बंद करवली, कारण पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्यांचा धूर घरभर कोंडायचा. सासूबाईंनी, कुंताबाईंनी, अडुळशाचा काढा पाजला. स्वतः खोकत खोकत पाजला, पण म्हातारीचा खोकला कोण मोजतो! गिरडच्या टेकडीवर जाऊन दर्ग्यात चादर चढवली. एवढं सगळं केलं तरी आठ वर्षांची माझी पोर सकाळी उठली की खिडकीचे गज धरून उभी राहायची. खांदे वर-खाली व्हायचे, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायचा. "आई, भूक लागली" एवढं सांगायला तिला दोनदा थांबावं लागायचं.

हे दरवर्षी दिवाळीनंतर सुरू व्हायचं. आणि दरवर्षी दिवाळीनंतरच आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरायचा. ही दोन वाक्यं आज मी एकाखाली एक लिहिते आहे. तीन वर्षं मला त्यांचा मेळ लागला नव्हता, याचा मला अजून संताप येतो.

आमच्याकडे कापूस घरातच ठेवतात. भाव चढेपर्यंत ठेवतात. बाहेर ठेवला तर चोर नेतील, पाणी पडेल. वेचणीच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि घरी आलेल्या कापसात चप्पल घालून जायचं नाही. गाठोडी रिकामी झाली की पोरांनी ढिगावर नाचून कापूस दाबायचा. आचल सगळ्यांत जास्त नाचायची, केसांत, पापण्यांत कापूस घेऊन हसायची. मी ते बघत उभी राहायची आणि मलाही हसू यायचं.

त्याच खोलीच्या खिडकीत कुलर. मार्च उलटला की सगळे तिथेच झोपतात. कापसाचा ढीग खिडकीच्या कठड्यापर्यंत, त्याला लागून आचलची गादी. कुलर सुरू झाला की वारा आधी कापसावरून जायचा, मग तिच्यावरून.

पहिल्यांदा वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात धूळ आहे का? वैभवनं, माझ्या नवऱ्यानं, छाती पुढे काढून सांगितलं, "नाई जी. रोज दोनदा झाडझूड होते." मीही मान हलवली. खोटं कुठे बोललो आम्ही? घर आरशासारखं होतं. डॉक्टरांनी तोंडानं ओढायच्या औषधाचा पंप लिहून दिला, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला. घरी आल्यावर मनोहरराव म्हणाले, "पंपाची सवय लागते. पोरीची जात हाये, उद्या सोयरिक कशी होईन?" तेव्हापासून पंप जास्त करून कपाटातच राहिला.

एप्रिलच्या एका दुपारी आचल गादीवरून उठलीच नाही. उठता येईना. ओठ जांभळे पडले, डोळे मोठे झाले आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला रडायलाही हवा पुरत नव्हती. वैभवनं मोटारसायकल काढली. पोर आम्हा दोघांच्या मध्ये. माझा तळहात तिच्या बरगड्यांवर होता आणि वर्ध्यापर्यंत मी फक्त त्या हलतात की नाही एवढंच बघत होते.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क बसवून वाफ दिली. तासाभरानं रंग परतला. या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आम्हाला काही विचारलं नाही, पोरीलाच विचारलं, "घरी कोण कोण असतं गं?"

आचलनं बोटं मोजली. "आई, बाबा, आबाजी, आजी. काळू होता, त्याले सोडून दिलं. आन कापूस."

"कापूस कोण?"

"कापूस. समोरच्या खोलीत रायते. माही गादी त्याच्याच बाजूले हाये."

डॉक्टरीणबाईंनी हळूच आमच्याकडे वळून पाहिलं. "किती कापूस?"

"जास्त नाई," वैभव म्हणाला. "खिडकीपर्यंत."

"मागच्या कागदावर लिहिलंय, घरात धूळ नाही."

"पन मॅडम, तो कापूस हाये," वैभव कळवळून म्हणाला. "धूळ नाई."

त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याच्या जागी मी असते तर तेच उत्तर दिलं असतं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. कापसात वाळल्या पानांचा भुगा असतो, बारीक धूळ असते, बुरशी असते, फवारलेलं औषध राहिलेलं असतं. "आणि तुम्ही त्याच्यावर कुलर लावता," त्या म्हणाल्या. आधी कापूस बाहेर, पंप न चुकता रोज, बाकीचं पुढे बघू. त्या आमच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना मी रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. मुक्या जनावराला घराबाहेर काढलं, पोरीच्या ताटातलं दही काढलं, आणि जे तिच्या नाकात जात होतं ते हातानं थोपटून, वरून चादर नीट पसरून ठेवलं. रोज दोनदा मी त्या ढिगाभोवती झाडू मारायची. तोही पोर तिथे अभ्यासाला बसलेली असताना.

वैभवनं वडिलांना सांगितलं. मनोहररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाव येऊन राह्यला आता," ते म्हणाले. "महिनाभराचा सवाल हाये. तवरक पोट्टीले पुलगावले आजोळी ठेवा." वैभव उठून मोटारसायकलची हवा बघायला गेला. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. मी भाकरी थापत होते. बाहेर आले तर आचलचं दप्तर दाराशी. पुस्तकं काढून कपडे कोंबलेले, वर पंप. वैभव मोटारसायकल पुसत होता. आचल पायरीवर बसून त्या दप्तराकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "काळूसारखं मले बी सोडून देऊन राह्यले का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिठाच्या हातानं मी दप्तर उचललं आणि ओसरीवर उपडं केलं. फ्रॉक, चड्ड्या, कंगवा, सगळं मनोहररावांच्या पायाशी पडलं.

"कोन जाईन या घरातून?" मी ओरडले. लग्नाला दहा वर्षं झाली, सासऱ्यांसमोर माझा आवाज चढला तो पहिल्यांदा. "सांगा मामाजी. पोर जाईन का कापूस?"

"अवो, हळू बोल. लोक आयकून राह्यले."

"आयकू द्या!"

"आन कापूस कुठं ठेवू म्हंतं? डोक्यावर?"

"गोठा हाये नं. वर पत्रे हाये, खाली कोरडं हाये. अर्धा रिकामा पडून हाये."

"गोठ्यात नाई जमत," ते लगेच म्हणाले. शेतीतलं काही न कळणाऱ्या माणसाला सांगावं तशा सुरात म्हणाले. "बैलायले ठसका लागते. माह्या लगनाच्या साली ठेवलता एकदा, तं ढवळ्या आठ दिवस खोकलून राह्यलता. चारा सोडलता त्यानं. तवापासूनच तं घरात भरतो."

वैभवच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मनोहरराव आमच्या तोंडाकडे बघत होते. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. मग कळायला लागलं, आणि त्यांनी नजर कुंपणाकडे वळवली.

सासूबाई दाराच्या आडून ऐकत होत्या. दिवाळीपासून हनुमान जयंतीपर्यंत खोकणारी ही बाई. आम्ही सगळे तो खोकला तिचा स्वभावच समजत आलो होतो. त्या बाहेर आल्या, कुणाकडे न बघता अंगण ओलांडून गोठ्यात गेल्या, आणि दोन्ही बैलांचे कासरे हातात धरून निघाल्या.

"अवो, बैल कुठं नेऊन राह्यली?" मनोहररावांनी विचारलं.

"निंबाखाली," कुंताबाई म्हणाल्या. "बैलायले भायेरची हवा चालते." त्या थांबल्या, खोकल्या, पुन्हा सरळ झाल्या. "तुमाले ठाऊक होतं. चाळीस वर्सं खोकलून राह्यली मी या घरात. मले वाटे माहीच छाती खराब. बैल आठ दिवस खोकलला तं तुमाले समजलं."

मनोहरराव ओसरीवर उठून उभे राहिले.

मी आचलला दोन फवारे दिले आणि निंबाखाली बैलांजवळ बसवलं. सासूबाईंनी नाकातोंडाला पदर बांधला, जुनं लुगडं पसरलं. वैभव आला, माझ्याकडे न बघता तोंडाला गमछा गुंडाळून ढिगात उतरला. मी त्याच्याशी बोलले नाही. अजूनही फारसं बोलत नाही.

पहिलं गाठोडं गोठ्यात गेलं तेव्हा सासरे अजून ओसरीवरच उभे होते, पायाशी नातीचे फ्रॉक. मी आत गेले. आचलच्या रिकाम्या दप्तरात कापूस ठासून भरला, चेन ओढली आणि ते दप्तर त्यांच्या हातात दिलं.

"घ्या मामाजी," मी म्हणाले. "याले नेऊन सोडा पुलगावले."